गादी सरकली म्हणजे ऑपरेशनच का?

तालुक्याच्या कुठल्याही एसटी स्टँडबाहेर उभं राहा, दोन बोर्ड हमखास दिसतात. एकावर लिहिलेलं असतं, 'मणक्याची शस्त्रक्रिया आता दुर्बिणीतून'. दुसऱ्यावर, 'ऑपरेशनशिवाय मणक्याचे सर्व विकार कायमचे बरे'. कंबर धरून चालणारा माणूस दोन्ही वाचतो आणि आणखीच गोंधळतो. मग एमआरआयची मोठी पिशवी घेऊन घरचे एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरतात. एक डॉक्टर म्हणतात, उशीर करू नका. दुसरे म्हणतात, अजिबात हात लावू देऊ नका. दोघांच्या मधे पुष्कळ माहिती आहे, पण ती बसून सांगायला ओपीडीत कुणाला वेळ नसतो.

२०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा आजारांच्या जागतिक मोजदादीचा अंदाज आहे. यातल्या बहुतेकांना ऑपरेशन कधीच लागत नाही. तेव्हा 'ऑपरेशनशिवाय बरे' हा दावा तसा खोटा नाही. फक्त त्याचं श्रेय कुणाचं, यात गडबड आहे.

कमरेत असतं काय

कमरेचे मणके पाच, एल-१ ते एल-५. त्यांच्या खाली त्रिकास्थी, तिचा वरचा भाग एस-१. दोन मणक्यांच्या मधे डिस्क असते, तिलाच आपण गादी म्हणतो. गादीची रचना पुरणपोळीसारखी समजा: बाहेर चिवट आवरण, आत मऊ सारण. वय वाढलं, भार पडला की कधी आवरण न फाटता कडेनं फुगतं, त्याला रिपोर्टमध्ये 'बल्ज' म्हणतात. कधी कड फाटते आणि पुरण बाहेर येतं, ते 'एक्स्ट्रूजन'. बाहेर आलेला तुकडा पार सुटून वेगळा पडला तर 'सिक्वेस्ट्रेशन'. हे सगळं बहुधा एल-४–एल-५ आणि एल-५–एस-१ या खालच्या दोन गाद्यांमध्ये होतं, कारण भार तिथेच जास्त. वयाबरोबर गादी सुकून पातळ होते आणि दोन मणक्यांमधली जागा कमी होते. 'मणक्यात गॅप आलाय' असं सांगतात तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

एक भीती इथेच काढून टाकू. मेंदूतून येणारा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली सुट्या नसांचा जुडगा असतो. त्यामुळे खालच्या गादीनं मज्जारज्जू दाबला जाऊन दोन्ही पाय लुळे पडतील, ही घरोघरची धास्ती बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी असते. अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

दुखणं एकच नाही

नुसती कंबर दुखते, पायात काही नाही, हा पहिला प्रकार आणि सर्वांत जास्त आढळणारा. यात स्नायू, सांधे, गादी यांपैकी नेमकं कोण दुखतंय हे बऱ्याचदा बोट ठेवून सांगता येत नाही. डॉक्टर तसं म्हणाले तर त्यांना कळलं नाही असं समजू नका, ते खरं बोलताहेत.

दुसरा प्रकार सायटिका. नस चिडल्यामुळे कळ कुल्ल्यातून मांडी, पोटरी, पाऊल अशी विजेसारखी उतरते. खोकला-शिंक आली की जास्त. तिसरा बहुधा साठीनंतरचा: नसांची वाट अरुंद झालेली. आजोबा थोडं चालले की पाय जड पडतात, पारावर बसले की मोकळे होतात, पुन्हा थोडं चालले की तेच. या माणसाला सायकल चालवताना मात्र फारसं काही होत नाही, कारण पुढे वाकलं की नसांना जागा मिळते.

हे ओळखायला मशीन लागत नाही. डॉक्टर तुम्हाला उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय उचलतात. तीस-चाळीस अंशांवरच पोटरीत कळ गेली तर खालची नस चिडली आहे. मग टाचांवर चालायला सांगतात, मग चवड्यांवर. टाचांवर चालताना चवडा उचलत नसेल किंवा अंगठा वर ताणून धरता येत नसेल तर संशय बहुधा एल-५ नसेवर. चवड्यावर उभं राहता येत नसेल आणि घोट्यामागे हातोडी मारल्यावर पाऊल उडत नसेल तर एस-१ वर. पायाच्या कातडीवरून कापूस फिरवून बधिर भाग बघतात. दहा मिनिटांचं काम. एवढं न करता, फिल्म उजेडाकडे धरून कुणी ऑपरेशनची तारीख दिली, तर सरळ दुसरं मत घ्या.

'पण रिपोर्टात तर स्पष्ट लिहिलंय!'

रिपोर्टात असतं असं: 'एल-४–एल-५ पातळीवर डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅकवर (नसांभोवतीच्या पिशवीवर) दाब, दोन्ही बाजूंच्या नसांची वाट अरुंद, डिजनरेटिव्ह (झिजेचे) बदल'. पस्तिशीतल्या माणसानं हे वाचलं की त्याला आपला पाठीचा कणाच ढासळला असं वाटतं.

२०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र केल्या होत्या. विशीतल्या न दुखणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ३० टक्क्यांना बल्ज होता. पन्नाशीत झीज ८० टक्क्यांना, बल्ज ६० टक्क्यांना. ऐंशीत झीज ९६ टक्क्यांना. म्हणजे तुमच्या शेजारी ठणठणीत बसलेल्या माणसाचा एमआरआय काढला तरी तीच वाक्यं छापून येण्याची शक्यता मोठी.

म्हणून एमआरआय वाईट ठरत नाही. तपासणीत डाव्या पायाची एस-१ नस बोलत असेल आणि चित्रातही डावीकडे तिथेच पुरण बाहेर आलेलं असेल, तर त्या चित्राला अर्थ आहे. दुखतंय उजवीकडे आणि बल्ज डावीकडे, तर नाही. धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले सहा आठवडे एमआरआयची गरज नसते, हे बहुतेक मार्गदर्शिका सांगतात. आपल्याकडे तो पहिल्याच आठवड्यात निघतो, कधी डॉक्टरांच्या घाईनं, कधी पेशंटच्या हट्टानं.

बाहेर आलेली गादी आत जाते?

आत जात नाही. कुणी दाबून, ओढून, झटका देऊन ती 'जागेवर बसवली' म्हणत असेल तर तसं होत नाही. पण ती विरघळते, आणि हे खरोखर थक्क करणारं आहे. बाहेर पडलेलं सारण शरीराला परकं वाटतं. रक्तातल्या भक्षक पेशी तिथे पोचतात आणि त्याचा फडशा पाडतात. २०१५ सालच्याच आणखी एका आढाव्यात ऑपरेशन न केलेल्या रुग्णांचे पुढचे एमआरआय पाहिले गेले. साध्या बल्जपैकी १३ टक्केच कमी झाले होते, पण फाटून बाहेर आलेल्यांपैकी ७० टक्के आणि सुटून वेगळे पडलेल्यांपैकी ९६ टक्के तुकडे लहान झाले होते किंवा नाहीसे. मूळ अभ्यास छोटे होते, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे धरा. पण रिपोर्टात जे जास्त भयंकर दिसतं तेच नाहीसं होण्याची शक्यता जास्त, एवढं त्यातून नक्की निघतं.

शिवाय कळ कमी व्हायला तुकडा पूर्ण विरघळावा लागत नाही. नसेला दाबापेक्षा तिथली सूज आणि रसायनं जास्त छळतात. ती ओसरली की पाय मोकळा होतो, चित्र तसंच असलं तरी.

मग पायाळूच्या लाथेनं बरं कसं वाटतं?

उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीवर हळूच पाय लावून घ्यायचा, हा उपाय गावोगावी आहे. जन्मताना पाय आधी आले एवढीच त्या माणसाची पात्रता. आणि बरं वाटतंही! कारण उसण बहुधा आठवड्याभरात आपणहून उतरते, आणि माणूस पायाळूला शोधतो तो दुखणं अगदी कळसाला पोचल्यावर. त्यानंतर ते उतरणारच होतं.

बोर्डावरच्या एकवीस सिटिंगच्या पॅकेजचंही बरंचसं असंच आहे. सायटिकाचा मोठा भाग दीड ते तीन महिन्यांत ओसरतो. त्या काळात जो उपाय चालू असेल तो यशस्वी ठरतो, मग ते मशीन असो, तेल असो की मंतरलेला दोरा. उपायाचा खरा कस लागतो तो तसाच, पण उपाय न केलेला दुसरा गट समोर ठेवल्यावर. पायाळू निदान हजारो रुपये तरी घेत नाही.

मग झोपून राहायचं का?

पूर्वी तसंच होतं. फळीवर झोप, पायाला वजनं लटकव, तीन-तीन आठवडे उठायचं नाही. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगितली गेली. दुखण्यात दोन्ही गट सारखेच राहिले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे मात्र ४५ टक्क्यांनी कमी. तेव्हापासून सल्ला उलटत गेला: जमेल तेवढं हिंडतं-फिरतं राहा.

पहिले दोन-तीन दिवस फारच कळ असेल तर उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा किंवा कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्या. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या रेट्यानं उठा. तासातासानं घरातल्या घरात चार फेऱ्या मारा. भरलेली बादली, सिलिंडर, नातवंडं उचलणं काही दिवस दुसऱ्यावर सोपवा. पायात कळ असेपर्यंत खड्ड्यांतून दुचाकी चालवणंही टाळलेलं बरं, असं मी म्हणेन. यावर काही संशोधन पाहिलेलं नाही, पण आपले रस्ते पाहिलेले आहेत.

व्यायामानं आणखी सरकली तर?

ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. थोडं दुखलं म्हणजे इजा झाली असं नव्हे. बघायचं ते दुखणं कुठे सरकतंय हे. पोटरीतली कळ मांडीत आली, मांडीतली कुल्ल्यात, आणि शेवटी कंबरच तेवढी दुखू लागली, तर कंबर आधीपेक्षा जास्त दुखत असली तरी गाडी योग्य दिशेनं चालली आहे. उलट कंबर हलकी झाली पण कळ पावलापर्यंत उतरू लागली, तर तो व्यायाम थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला सांगा. पुष्कळांना पालथं झोपून भुजंगासनासारखं हळूहळू मागे वाकल्यावर आराम पडतो. अरुंद वाट असलेल्या आजोबांना नेमकं त्याच हालचालीनं जास्त त्रास होतो. म्हणून यूट्यूबवरचा 'कंबरदुखीचा एकच रामबाण व्यायाम' सगळ्यांना लागू पडत नाही. पायात कळ असताना सूर्यनमस्काराचं पुढे वाकणं थोडे दिवस पुढे ढकला.

जुन्या कंबरदुखीत योगासनं, चालणं, ताकदीचे व्यायाम यांपैकी एखादा प्रकार बाकीच्यांपेक्षा फार सरस आहे, असं दिसत नाही. जो तुम्ही सहा महिन्यांनीही करत असाल, तो तुमचा.

गोळ्या, पट्टा, ट्रॅक्शन, सुई

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुन्या कंबरदुखीवर, ऑपरेशन वगळून, पहिली मार्गदर्शिका काढली. नीट समजावून सांगणं, व्यायाम, मालिशसारखे काही हातांचे उपचार, मनाला आधार देणारे उपचार आणि गरजेपुरत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या, यांना तिनं मान्यता दिली. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), अल्ट्रासाउंडचा शेक आणि अफूवर्गातली औषधं नेहमीच्या उपचारात वापरू नका असं सांगितलं. आपल्याकडची फिजिओथेरपी अजून बऱ्याच ठिकाणी नेमकी ट्रॅक्शन आणि मशीनच्या शेकातच अडकलेली आहे.

गोळ्यांचं थोडक्यात. नुसती पॅरासिटामॉल ताज्या कंबरदुखीत साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही (२०१४). ऑक्सिकोडोन हे अफूवर्गातलं जोरकस औषधही ठरलं नाही (२०२३). सायटिकाला सर्रास दिलं जाणारं प्रीगाबालिन २०१७ च्या चाचणीत उपयोगी पडलं नाही, उलट चक्कर वाढली. या तिन्ही चाचण्या ऑस्ट्रेलियातल्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या थोडे दिवस कामी येतात, पण मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्महिने घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. कोमट तेलाचं मालिश, कटिबस्ती यांनी शेक मिळतो, स्नायू सैल पडतात, छान वाटतं. गादीपर्यंत तेल पोचत नाही.

मणक्यातलं इंजेक्शन म्हणजे चिडलेल्या नसेजवळ एक्स-रेच्या पडद्यावर बघत सोडलेलं स्टेरॉइड. ताज्या, असह्य सायटिकात ते काही आठवड्यांची उसंत देऊ शकतं आणि तेवढ्यात निसर्ग आपलं काम करतो. तीन महिन्यांपेक्षा जुन्या दुखण्यात मात्र २०२५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञगटानं अशा इंजेक्शनांविरुद्ध ठाम मत दिलं. मधुमेह असेल तर सुईनंतर काही दिवस साखर चढते, हे आधी विचारून ठेवा.

'म्हणजे दुखणं मनाचं आहे म्हणता?'

नाही. पण दुखणं तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळलं की गादीइतकीच झोप, काळजी आणि भीतीही त्याला खतपाणी घालतात. आपण वाकलो तर मोडू, असं मनात बसलेला माणूस हालचाल टाळतो. स्नायू ढिले पडतात, मग खरंच थोडं वाकलं तरी दुखतं.

आणि परिस्थिती. ऊसतोडीला आलेल्या बाईला 'महिनाभर वजन उचलू नका' सांगणं सोपं आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली, खाडा झाला की पैसे कापणार, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचं. तिच्या कमरेचा उपचार दवाखान्यात जेमतेम निम्मा आहे.

इथे थांबायचं नाही

एवढं वाचून कुणी ऑपरेशन या शब्दालाच घाबरू नये. काही वेळा उशीर महागात पडतो.

लघवी अडली किंवा झालेली कळत नाही, शौचावरचा ताबा गेला, घोड्यावर बसल्यावर जो भाग खोगिराला टेकतो तो बधिर झाला, दोन्ही पायांत ताकद कमी वाटते: यात नसांचा अख्खा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. सकाळपर्यंत थांबू नका, त्याच रात्री एमआरआयची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा. इथे ऑपरेशन तासांच्या हिशोबात असतं. चालताना चप्पल पायातून निसटते, पाऊल घासतं, ताकद दिवसेंदिवस उतरतेय, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, किंवा हाडं ठिसूळ असलेल्या आजींचं साधं घसरणं, यांतही वाट बघू नका. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथा हिस्सा भारतात आहे आणि हाडांच्या क्षयात मणक्याचा वाटा सर्वांत मोठा. संध्याकाळचा बारीक ताप आणि पाठदुखी एकत्र असेल तर मालिश करत बसू नका. मणक्याच्या क्षयातही बहुतेकांना औषधांनीच गुण येतो, फक्त ती वर्षभर किंवा जास्त घ्यावी लागतात.

आणि यातलं काही नसेल, फक्त पाय भयंकर दुखतोय?

तर निवड तुमची आहे. २००७ साली नेदरलँड्समधल्या एका चाचणीत दीड ते तीन महिने तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांचे दोन गट केले. एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्यानं थांबायचं आणि अगदीच सहन झालं नाही तर करायचं. ऑपरेशनच्या गटातल्यांना बरं वाटायला साधारण चार आठवडे लागले, थांबणाऱ्यांना बारा. वर्षअखेरीस दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे होते. थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांनी मात्र मधेच ऑपरेशन करून घेतलं. लहान छेदातून गादीचा तेवढाच तुकडा काढण्याचं हे ऑपरेशन वेळ वाचवतं. ज्याची रोजी तीन महिने बुडणं परवडत नाही, झोप पूर्ण उडालेली आहे, त्यानं ते केलं तर चूक म्हणता येणार नाही. दुर्बिणीतून की सूक्ष्मदर्शकातून, यापेक्षा सर्जनचा हात महत्त्वाचा.

स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडणं ही वेगळी, मोठी गोष्ट. मणका पुढे सरकलेला असेल, अस्थिर असेल तर ती लागते. नुसत्या जुन्या कंबरदुखीसाठी मात्र २००५ च्या ब्रिटिश चाचणीत, ३४९ रुग्णांमध्ये, मणके जोडणं हे कसून करवून घेतलेल्या व्यायामापेक्षा स्पष्टपणे सरस ठरलं नाही. असा सल्ला मिळाला तर सर्जनला विचारा: माझं दुखणं कंबरेचं की नसेचं? तपासणी आणि चित्र जुळतंय का? तीन महिने थांबलो तर कायमचं काय बिघडेल? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागवत नाही.

पुन्हा उद्भवलं तर?

बऱ्याच जणांना वर्षभरात उद्भवतं, आणि पहिला उपाय 'फेल' गेला असं वाटतं. २०२४ साली ऑस्ट्रेलियात नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर चाचणी झाली. एका गटाला फिजिओथेरपिस्टनं सहा महिन्यांत सहा भेटी देऊन चालण्याचं प्रमाण हळूहळू वाढवून दिलं, उद्दिष्ट आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. दुसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. न चालणाऱ्या गटात निम्म्यांचं दुखणं परतायला ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. चालणाऱ्यांचंही परतलं, पण उशिरा. त्यांना बूट सोडून काही विकत घ्यावं लागलं नव्हतं, आणि पहिल्या आठवड्यापासून अर्धा तास चाला असंही कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला झेपेल तेवढ्यावर सुरुवात करून दिली होती.